बंद कारखान्याच्या जागेची सफाई: आराखडा कंपनीच्याच सल्लागाराने केला असेल तर सरकार काय तपासतं?

तुम्ही विचारलंय की गावालगतच्या बंद रसायन कारखान्याची जागा साफ करायची आहे, आराखडा कंपनीने नेमलेल्या सल्लागाराने केलाय, मग त्यावर सरकारची नजर कुठे असते? मी बरीच वर्षं अशा जागांवर माती-पाण्याचे नमुने काढले आहेत, म्हणून उत्तर देतोय.

आराखडा कोणी लिहिला हे महत्त्वाचं आहेच, पण त्याआधी तपासणीची हद्द कोणी आखली ते बघा. एका जागेवर आम्हाला जो नकाशा मिळाला त्यात नमुन्यांचे सगळे ठिपके कुंपणाच्या आत होते. जमिनीचा उतार मात्र बाहेरच्या ओढ्याकडे होता आणि ओढ्यापलीकडे दोन विहिरी डोळ्यांना दिसत होत्या. मी विचारलं, तर 'कामाच्या आदेशात एवढंच आहे' असं सांगण्यात आलं. आम्ही नमुने नीट काढले, प्रयोगशाळेचे आकडे खरे होते, तरी त्या विहिरींच्या पाण्यात काय आहे ते अहवालातून कुणालाच कळलं नाही. तो मंजूर झाला. त्या वेळी लेखी हरकत नोंदवायला हवी होती, ही रुखरुख आजही आहे.

हद्दीचा हा प्रश्न भोपाळमध्ये फार मोठ्या प्रमाणावर दिसतो. 1984 च्या वायुगळतीनंतर युनियन कार्बाइडच्या आवारात पडून राहिलेला काही कचरा 2005 मध्ये गोळा करून शेडमध्ये ठेवला गेला. पुढे वीस वर्षं सगळी चर्चा त्या सुमारे 337 टनांभोवतीच फिरली. नागपूरला जाळायचं ठरत होतं, महाराष्ट्राने विरोध केला. जर्मनीला पाठवायचा बेत 2012 मध्ये बारगळला. शेवटी डिसेंबर 2024 मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने मुदत घालून दिली, जानेवारी 2025 मध्ये 12 कंटेनर इंदूरजवळच्या पिथमपूरला गेले आणि जूनअखेर कचरा जाळून झाला. पण नीरी (पर्यावरण अभियांत्रिकी) आणि एनजीआरआय (भूभौतिकी) या राष्ट्रीय संशोधन संस्थांच्या 2010 मधल्या अभ्यासात दूषित मातीचा अंदाज सुमारे 11 लाख टनांचा होता! शिवाय कारखान्याच्या आवाराबाहेर, उत्तरेला, सांडपाणी सोडायची तळी होती आणि आसपासच्या वस्त्यांचं भूजल बिघडलेलं होतं. 337 टन उचलले हे काम खरंच झालं, ते आवश्यकही होतं. पण माती आणि पाणी त्या आकड्यात कधी धरलेलंच नव्हतं.

आता नियमांबद्दल. दूषित जागांसाठी केंद्राने जुलै 2025 मध्ये स्वतंत्र नियम काढले. त्यांनुसार संशयित जागा स्थानिक संस्थेने किंवा जिल्हा प्रशासनाने कळवायची, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्राथमिक तपासणी आणि गरज पडल्यास सविस्तर सर्वेक्षण ठरलेल्या मुदतीत करायचं, उपाययोजनेचा आराखडा तज्ज्ञ संस्थेकडून घ्यायचा, दूषण कोणामुळे झालं ते मंडळाने निश्चित करायचं आणि खर्च त्याच्याकडून घ्यायचा. जबाबदार माणूस किंवा कंपनी सापडलीच नाही किंवा तिची ऐपत नसली, तर भार केंद्र आणि राज्यावर येतो. किरणोत्सारी कचरा, खाणी आणि घनकचऱ्याचे डेपो या नियमांत येत नाहीत. म्हणून तुमच्याकडचा आराखडा कुठल्या नियमांखाली मांडलाय, हे आधी मंडळाला लेखी विचारा. नव्या नियमांखाली असेल तर तज्ज्ञ संस्था कोणती, हेही विचारा. मंडळाने स्वतः नमुने न घेता फक्त सल्लागाराचा अहवाल वाचून शेरा मारला असेल, तर त्याला मी देखरेख म्हणणार नाही.

दुसरी गोष्ट 'साफ' या शब्दाची. किती उरलं तर जागा साफ मानायची, हा आकडा आराखड्यात असतो आणि सगळा खर्च त्याच्यावर ठरतो. तामिळनाडूतल्या कोडाईकनालच्या बंद थर्मामीटर कारखान्यात मातीतल्या पाऱ्यासाठी किलोमागे 20 मिलिग्रॅम ही मर्यादा धरली गेली, निवासी वापराच्या जागेचा निकष म्हणून. पर्यावरण कार्यकर्त्यांचं म्हणणं होतं की कारखाना पांबर शोला या जंगलाच्या वर, उतारावर आहे, पावसाबरोबर पारा खाली जंगलात आणि माशांत जाणार, तेव्हा राहत्या घराचा निकष इथे पुरत नाही. मला ते पटतं. आकडा ठरवताना जागेचा पुढचा वापर जेवढा पाहतात, तेवढंच पाणी कुठे जातं तेही पाहिलं पाहिजे.

तुम्ही माहिती अधिकारात मंडळाकडे तीन कागद मागा: सल्लागाराला दिलेला कामाचा आदेश, नमुन्यांच्या ठिकाणांचा नकाशा आणि प्रयोगशाळेचे मूळ अहवाल. सारांश नको, त्यात सरासरी असते आणि एखादा भयंकर ठिपका सरासरीत लपतो. नकाशा हातात आला की गावातल्या जुन्या माणसांना घेऊन जागेभोवती फिरा. कारखाना चालू असताना टँकर कुठे रिकामे व्हायचे, पावसाळ्यात कुठल्या चरातून रंगीत पाणी यायचं, हे त्यांना ठाऊक असतं. अशा जागी ठिपका नसेल तर तेवढंच लिहून हरकत द्या, आणि ती काम सुरू व्हायच्या आधी द्या. माती उकरून नेली की मूळ स्थिती पुन्हा मोजता येत नाही.

आणि सफाईनंतर किती वर्षं, कोणत्या विहिरींचं पाणी, कोणाच्या खर्चाने तपासणार, हे आराखड्यात लिहिलंय का ते बघा. मी पाहिलेल्या बहुतेक आराखड्यांत शेवटचं पान सफाई झाली की तिथेच संपत होतं.