अण्णांचं बोलणं जिला कळतं

प्रश्न : माझी मुलगी बारावी सायन्सला ६८ टक्के मिळवून पास झाली. नीटला गुण कमी पडले, एमबीबीएस मिळणार नाही. आता बीबीए आणि पुढे एमबीए कर म्हणतोय, पण तिचं कम्युनिकेशन फार वीक आहे. चार माणसांत बोलत नाही, समोरच्याच्या डोळ्यांत बघत नाही. १८,००० रुपये भरून पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचा क्लास लावला. तिथले सर सांगतात, ९३ टक्के कम्युनिकेशन बॉडी लँग्वेज आणि आवाजानं होतं, शब्दांनी फक्त ७ टक्के. हिची बॉडी लँग्वेजच चुकीची आहे. घरी दिवसभर माझ्या वडिलांजवळ बसून असते. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून बोलता येत नाही. ही जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर चित्रं काढून अण्णांशी खेळत बसते. वेळ वाया चाललाय. मास कम्युनिकेशनला घातलं तर बोलायला शिकेल का?
– एक पालक, बार्शी

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एकच गोष्ट शोधत होतो : मुलगी काय म्हणते? ते कुठेच सापडलं नाही. ती काय करत नाही ते आहे, क्लासचे सर काय म्हणतात ते आहे, तुम्हाला काय वाटतं ते तर आहेच. अठरा वर्षांच्या मुलीच्या आयुष्याचा निर्णय चाललाय आणि तिचं एक वाक्य त्यात नाही. मला गुणांपेक्षा याची काळजी वाटते. तुम्ही वाईट वडील आहात असं मी म्हणत नाही. पण ‘ही बोलत नाही’ असं ज्या घरात रोज तिच्यासमोर बोललं जातं, तिथे मूल आणखी गप्प होतं, हे मी फार वेळा पाहिलंय.

आधी त्या ९३ टक्क्यांबद्दल बोलू, कारण या आकड्यानं खूप मुलांचं नुकसान केलंय. हा आकडा अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७मधल्या प्रयोगांतून आला. त्या प्रयोगांत माणसं संभाषण करत नव्हती. सुटे सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले होते, चेहऱ्याचे फोटो दाखवले होते आणि विचारलं होतं की बोलणाऱ्याच्या मनात आवड दिसते की नावड. शब्द एक सांगतो आणि सूर दुसरंच, अशा वेळी ऐकणारा कशावर विश्वास ठेवतो, एवढाच तो प्रश्न होता. आपला निष्कर्ष सगळ्या बोलण्याला लावू नका, असं खुद्द मेहराबियन यांनीच सांगितलंय. क्लासवाल्यांनी मात्र तो उचलून फळ्यावर लिहिला. शब्दांचा वाटा खरंच ७ टक्के असता, तर तुमचं पत्र मला जवळपास कळलंच नसतं. त्यात ना तुमचा चेहरा होता, ना आवाज. तरी तुमची काळजी मला पुरती कळली.

आणि डोळ्यांत बघण्याचं म्हणाल, तर आपल्याकडे मोठ्यांशी बोलताना मान खाली ठेवायला मुलींना शिकवतं कोण? आपणच. सतरा वर्षं तो विनय, आणि बारावीचा निकाल लागला की तोच आत्मविश्वासाचा अभाव! खूण तीच असते, वाचणारा बदलला की अर्थ बदलतो. संवादाचा अभ्यास सुरू होतो तो इथून.

मास कम्युनिकेशनला जाणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या वर्षी एक आकृती शिकवतात : पाठवणारा, संदेश, माध्यम, घेणारा आणि मध्ये येणारा गोंगाट. ही आकृती क्लॉड शॅनन यांच्या १९४८च्या लेखातून आली. ते बेल लॅब्ज या अमेरिकी टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेतले अभियंते आणि गणितज्ञ. तारेवरून जाणारा संदेश कमीत कमी बिघडून कसा पोहोचेल हा त्यांचा प्रश्न. संदेशाच्या अर्थाशी या तांत्रिक प्रश्नाचा संबंध नाही, असं त्यांनी लेखाच्या सुरुवातीलाच स्पष्ट लिहिलंय. माणसांचं तसं नाही. माणसांत अर्थ ऐकणाऱ्याच्या डोक्यात तयार होतो, आणि तो बरोबर तयार झाला की नाही हे त्याच्या प्रतिसादावरून कळतं. ‘कम्युनिकेशन चांगलं’ म्हणजे फाडफाड बोलणं, या समजात हा प्रतिसादच गळून पडतो.

आता तुम्ही ज्याला खेळ म्हणालात त्याकडे येतो. झटक्यानंतर वाचा जाते तेव्हा बऱ्याचदा जीभ नाही, मेंदूतला भाषेचा भाग दुखावलेला असतो. त्याला वाचाघात म्हणतात. पॅरिसचे डॉक्टर पॉल ब्रोका यांनी १८६१मध्ये असा एक रुग्ण नोंदवला, ज्याला ‘टॅन’ एवढंच म्हणता यायचं, पण समोरच्याचं बरंचसं कळायचं. अशा माणसाशी बोलायचं तर छोटी वाक्यं वापरावी लागतात, हो-नाहीत उत्तर येईल असे प्रश्न विचारावे लागतात, चित्रं किंवा लिहिलेले शब्द समोर ठेवावे लागतात. आणि थांबावं लागतं. त्याच्या तोंडचा शब्द आपण पुरा न करता थांबणं फार अवघड असतं. तुमच्या मुलीनं कॅलेंडरच्या पाठीमागे पाणी, चहा, औषध अशी चित्रं काढली असतील, तर वाचा-उपचारतज्ज्ञ जो फलक वापरतात तो तिनं कुणी न शिकवता घरी बनवलाय. मुलीचं कम्युनिकेशन वीक आहे असं तुम्ही लिहिता, आणि तुमच्या घरातल्या सगळ्यात अवघड माणसाशी संवाद साधतेय ती एकटी.

मास कम्युनिकेशनला घालू नका. तो अभ्यासक्रम बातमी, जाहिरात, माध्यमं यांचा आहे. लाजऱ्या मुलांना बोलतं करायचा तो उपाय नाही. तिला पत्रकारितेची ओढ असती तर मुंबई विद्यापीठाची पदवी किंवा पुढे पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट सुचवलं असतं. आणि तुम्ही म्हणता त्या बीबीएला सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा, द्यावी लागते, एवढंच सांगतो.

तुम्ही विचारलंच नाही असं एक नाव सांगतो : बीएएसएलपी. वाचा आणि श्रवण उपचारांची ही पदवी, इंटर्नशिप धरून चार वर्षांची, बारावी सायन्सनंतरची. मुंबईत वांद्र्याला याच विषयाची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, पुण्यातही हा अभ्यासक्रम चालतो. राज्याच्या सीईटी कक्षाची प्रक्रिया नीटच्या गुणांवर होते, म्हणजे तिची नीट वाया गेलेली नाही. पात्रता यंदाच्या माहितीपुस्तिकेत बघा. लहान वयात ऐकू न येणारी मुलं, तोतरेपणा, झटक्यानंतरचे रुग्ण, सगळ्यांना ही माणसं लागतात आणि तालुक्याच्या गावी ती शोधून सापडत नाहीत. पण तिच्यावर हेही लादू नका. कदाचित तिला आजोबा आवडतात, एवढंच असेल.

म्हणून आधी अण्णांना सोलापूर किंवा पुण्याच्या वाचा-उपचारतज्ज्ञाकडे न्या. पहिले महिने मोलाचे असतात, ते गेले. पण नंतरही फरक पडतो. मुलीला बरोबर न्या. ते चित्रांचं कॅलेंडरही न्या, आणि ते दाखवताना तिला बोलू द्या, तुम्ही मध्ये पडू नका. परत येताना एसटीत काहीही विचारू नका. ती आपण होऊन काही बोलली, तर ऐका.

आणि पुढचं पत्र तिच्या हातचं येऊ द्या. चार ओळींचं असलं तरी चालेल. पाकिटात घालण्याआधी ते वाचू नका.