दिल्लीत बसून डहाणूचा धक्का कसा कळतो?

प्रश्न : आम्ही डहाणू तालुक्यात राहतो. २०१८ च्या नोव्हेंबरपासून इकडे धक्के सुरू झाले, कधी नुसताच धाडकन आवाज, कधी भांडी वाजतात. थोड्या वेळात मोबाईलवर तीव्रता, खोली, केंद्र सगळं येतं. आमच्या गावात तर यंत्र नाही, मग कळतं कसं? आणि एकाच धक्क्याचे दोन आकडे का?
– एक वाचक, डहाणू

उत्तर : यंत्र तुमच्याच गावात असायची गरज नसते. दिल्लीचं राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्र देशभरातली दीडशेच्या वर स्टेशनं चालवतं, आणि तिथले सिस्मोमीटर जमिनीची हालचाल उभी, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम अशी तिन्ही दिशांनी सतत मोजत असतात, जीपीएसच्या अचूक वेळेसकट, आणि तो डेटा सॅटेलाइटवरून थेट दिल्लीला जातो, तिथे २४ तास ड्युटीवर माणसं असतात.

खरी गंमत लहरींच्या वेगात आहे. धक्का बसला की आधी वेगवान पी लहर पोचते, मग तिच्यापेक्षा हळू जाणारी एस लहर. दोघी पोचण्यातला वेळ सेकंदात मोजायचा आणि साधारण ८ ने गुणायचं, म्हणजे १० सेकंदांचा फरक असेल तर भूकंप जवळपास ८० किमीवर. पण कुठल्या दिशेला ते एका स्टेशनच्या अंतरावरून नाही कळत, तीन स्टेशनांभोवती ज्याच्या त्याच्या अंतराची वर्तुळं काढली की ती जिथे छेदतात तिथे केंद्र. आता हे कॉम्प्युटर करतो आणि तीनपेक्षा बरीच जास्त स्टेशनं घेतो.

खोली मात्र अवघड. स्टेशनं लांब असली तर ती नीट निघतच नाही, मग ५ किंवा १० किमी असा ठरावीक आकडा धरून बाकीचं गणित करायची पद्धत जगभर आहे. म्हणून बातमीत "खोली १० किमी" दिसलं की ते मोजलेलंच असेल असं नाही! तुमच्याकडे धक्के वाढल्यावर जवळपास तात्पुरती स्टेशनं बसवली ती यासाठीच, आणि त्यातून दिसलं की हे भूकंप उथळ आहेत. आवाज येतो तोही त्यामुळेच.

दोन आकडे येतात कारण पहिला घाईत काढलेला असतो, नंतर जास्त स्टेशनांचा डेटा बघून सुधारतात, शिवाय वेगवेगळ्या संस्थांची स्टेशनं आणि मोजायची पद्धत वेगळी. ०.२ चा फरक म्हणजे कोणी लपवालपवी करतंय असं अजिबात समजू नका.

हे सगळं नोंदवणं आहे, भाकीत नाही, पुढचा धक्का कधी ते यातून कळत नाही. तरी नोंदी लागतातच. १९६७ च्या कोयनेच्या भूकंपानंतर तिथे दशकानुदशकं नोंदी ठेवल्या म्हणून तर धरणातल्या पाण्याचा आणि धक्क्यांचा संबंध इतका बारकाईने तपासता आला. १९९३ ला किल्लारीत हजारो माणसं गेली, आणि त्यानंतर दख्खनमधल्या स्टेशनांवर नवी डिजिटल यंत्रं आली. मला वाटतं हे आधी व्हायला हवं होतं.

आणि एक, राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या 'भूकंप' ॲपवर धक्का जाणवल्याची माहिती तुम्हीही देऊ शकता. कुठल्या पाड्यात किती हादरलं, भिंतीला तडा गेला का, हे यंत्र नाही सांगत, तर जाणवलं की जरूर भरा.