वाचकांचे प्रश्न : सांध्यात लपलेला दोष

प्रश्न : एखादे प्रभावी भाषण ऐकताना किंवा लेख वाचताना माझे मत सहज वळते. दोन दिवसांनी मात्र कुठेतरी फसगत झाल्यासारखे वाटते, पण नेमके बोट ठेवता येत नाही. तर्कदोष ओळखायचे कसे? आणि उपमा, पुनरुक्ती, उत्तराची अपेक्षा नसलेले प्रश्न ही भाषेची आयुधेही फसवणूकच समजायची का?

उत्तर : प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेतो, कारण त्यात निष्पाप आयुधांवर विनाकारण संशय आला आहे. अ‍ॅरिस्टॉटलने वक्तृत्वाचा विचार करताना पटवून देण्याची तीन साधने सांगितली : वक्त्याविषयीचा विश्वास, श्रोत्यांच्या भावना आणि प्रत्यक्ष युक्तिवाद. त्यांतली पहिली दोन त्याने त्याज्य मानली नाहीत. भावनेला हात घातला एवढ्यावरून विधान खोटे ठरत नाही. कारण द्यायच्या जागी नुसती भावनाच येऊन बसली असेल, तर मात्र थांबावे.

आता दोषांविषयी. माझा अनुभव असा की, दोष भारदस्त शब्दांत फारसा नसतो. तो दोन वाक्ये जोडणाऱ्या किरकोळ शब्दांत दडलेला असतो. ‘म्हणजे’ हाच शब्द घ्या. कोणी म्हणाले, ‘लेखी परीक्षेबरोबर तोंडी परीक्षाही असावी’, आणि त्यावर उत्तर आले, ‘म्हणजे लेखी परीक्षा तुम्हाला निरुपयोगी वाटते तर!’ मूळ वाक्यातले ‘बरोबर’ येथे गुपचूप गळाले आणि पुढचा सगळा हल्ला उत्तर देणाऱ्याने स्वतःच उभ्या केलेल्या बुजगावण्यावर झाला. बोलणाऱ्याला अभिप्रेत नसलेला अर्थ काढून त्याचे खंडन करण्याच्या या युक्तीला न्यायसूत्रांत, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या प्राचीन ग्रंथात, ‘छल’ असे नाव असून तिचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी वाक्छलाचे, म्हणजे शब्दाच्या दोन अर्थांचा फायदा घेणाऱ्या छलाचे, परंपरेने चालत आलेले उदाहरण मोठे गमतीचे आहे : ‘नव’ म्हणजे नवे आणि नऊही; ‘हा मुलगा नवकंबल आहे’ असे म्हणणाऱ्याच्या मनात नवे कांबळे असते, तर प्रतिवादी विचारतो, ‘याच्याकडे एकच कांबळे दिसते, नऊ कुठे आहेत?’

याच ‘म्हणजे’चे दुसरे रूप अधिक गोड, म्हणून अधिक फसवे असते. ‘संस्था म्हणजे एक कुटुंब’ हे रूपक आहे, आणि रूपक म्हणून त्याला कोणाची हरकत नसावी. परंतु पुढच्याच वाक्यात ‘म्हणून येथे हिशेब मागणे शोभत नाही’ असे आले, तर रूपकाला पुराव्याचे काम दिले गेले आहे. अशा वेळी उपमा काढून तेच वाक्य साध्या शब्दांत लिहून पाहावे. ‘या संस्थेतील लोक एकमेकांशी आपुलकीने वागतात, म्हणून पैशांचा हिशेब विचारू नये’ असे लिहिले की सांधा निखळलेला दिसतो.

‘नाहीतर’ आला की तिसरा पर्याय खरोखरच नाही का, हे तपासावे. ‘तेव्हापासून’ आला की काकतालीय न्याय आठवावा. कावळा बसला आणि फांदी मोडली, एवढ्यावरून कावळ्याने ती मोडली असे होत नाही. ‘कोणता सुजाण माणूस हे नाकारेल?’ या प्रश्नात तर युक्तिवाद नसून दटावणीच आहे, कारण नाकारणारा आपोआप अजाण ठरतो.

प्रश्न : चर्चेत मी समोरच्याचा तर्कदोष दाखवला की मला वितंडवादी म्हणतात. दोष सापडल्यावर त्याचे म्हणणे खोटे ठरले, असे मानण्यात माझे काय चुकते?

उत्तर : चुकते, आणि चुकीचे नावही तर्कदोषच आहे. ‘पृथ्वी गोल आहे, कारण माझे आजोबा तसे म्हणत’ हा युक्तिवाद लंगडा आहे, पण त्यामुळे पृथ्वी सपाट होत नाही. कारण फसले एवढेच सिद्ध होते. निष्कर्षाला दुसरे चांगले कारण असू शकते. शिवाय प्रत्येक वेळी तो दोषच असतो असेही नाही. वक्त्याच्या चारित्र्यावर घसरणे एरवी गैर असले, तरी सारा मुद्दा त्याच्या साक्षीवर उभा असेल, तर तो विश्वासार्ह आहे का हा प्रश्न रास्त आहे. तज्ज्ञाचा हवाला त्याच्याच विषयापुरता असेल, तर त्यालाही वजन आहे.

‘वितंडा’ या शब्दाबद्दल सांगायचे तर, न्यायसूत्रांनुसार वितंडा म्हणजे स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचा पक्ष मोडणे. आपण दोष दाखवून थांबत असाल, तर आपले सहकारी हा शब्द फार चुकीचा वापरत नाहीत. पुढच्या वेळी दोषाचे नाव उच्चारण्याऐवजी ‘या कारणावरून हा निष्कर्ष कसा निघतो, ते मला समजले नाही’ असे म्हणून पाहा, आणि त्याच बैठकीत आपले मत व त्याचे कारणही सांगा, म्हणजे समोरच्यालाही आपले सांधे तपासता येतील.