बातमी खरी असली तरी केस होऊ शकते?

प्रश्न : मी मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मीडिया लॉ आवडतो, पण बदनामी, प्रायव्हसी आणि पब्लिसिटी राइट्स यांत गोंधळ उडतो. बातमी खरी असेल तर कोणी काही करू शकत नाही ना? आणि या क्षेत्रात यायला एलएलबी लागतेच का?

उत्तर : एलएलबीचं आधी उरकू. कोर्टात उभं राहायचं तर ती हवीच; तुझ्या पदवीनंतर ३ वर्षांची. छापण्याआधी मजकूर तपासण्याच्या कामाला सनद लागत नाही, पण तिथेही कायद्याची पदवी असलेल्याचं म्हणणं संपादक जास्त ऐकतात. तेव्हा करच.

'खरं असेल तर' हा भरवसा मुरलेल्या पत्रकारांनाही असतो. दिवाणी दाव्यात सत्य हा भक्कम बचाव आहे. फौजदारी बदनामीत, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली, नुसतं खरं असून भागत नाही. ते छापणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं.

एक नट रुग्णालयात दाखल झालाय असं समज. 'दारू सोडवायला आलाय' असं खोटंच छापलं तर बदनामी. त्याचा खराखुरा तपासणी अहवाल छापला तर प्रायव्हसीचा भंग. इथे 'खरं आहे' म्हणून सुटका नाही, उलट खरं आहे म्हणूनच ते जास्त झोंबतं. आणि त्याचा हसरा फोटो न विचारता टॉनिकच्या जाहिरातीत लावला, तर ना अब्रू गेली, ना गुपित फुटलं. पण त्याच्या चेहऱ्यावर दुसऱ्याने धंदा केला. हा पब्लिसिटी राइटचा प्रश्न.

हे तिन्ही धागे एकत्र पाहायचे तर सर्वोच्च न्यायालयाचा १९९४ चा आर. राजगोपाल निकाल मुळातून वाच. गाइडमधला सारांश नको. फाशीची शिक्षा झालेल्या 'ऑटो शंकर'चं आत्मचरित्र छापू द्यायचं का, असा तो वाद होता. सार्वजनिक नोंदींत जेवढं आहे तेवढं संमतीविनाही छापता येईल, त्यापलीकडे गेलात तर जबाबदारी तुमची, असं न्यायालयाने सांगितलं. मग खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवणारा २०१७ चा पुट्टस्वामी निकाल घे. तो अवाढव्य आहे, टप्प्याटप्प्याने वाच.

पब्लिसिटी राइट्ससाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही, सगळी भिस्त निकालांवर. एआयने केलेल्या आवाजाच्या नकलेविरुद्ध अरिजित सिंग यांना २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम संरक्षण दिलं. माझ्या मते तुझ्या पिढीला काम इथेच मिळेल, आणि त्यातलं बरंचसं कोर्टाबाहेर, करारांच्या मसुद्यांत असेल. म्हणून सुट्टीत मीडियाच्या केसेस घेणाऱ्या वकिलाकडे इंटर्नशिप माग. आलेल्या नोटिसा आणि त्यांना दिलेली उत्तरं वाचायला मिळाली तरी खूप झालं.