ऐनवेळचे विषय आधी वाच

प्रिय मित्रा,

फीवाढीचा ठराव विद्यापीठाच्या व्यवस्थापन परिषदेत कसा मंजूर झाला ते तुला शोधायचंय, आणि कुलसचिव कार्यालय बैठकीचं इतिवृत्त दाखवत नाही. राग येणारच. पण निवेदनं देत फिरण्याआधी माहिती अधिकार कायदा, २००५ मधलं कलम ४(१)(ख) उघड आणि त्यातला आठवा मुद्दा वाच. आपल्या परिषदा आणि समित्या कोणत्या, त्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का, इतिवृत्तं पाहायला मिळतात का, हे सार्वजनिक विद्यापीठानं कुणी न मागता जाहीर करायचं असतं. ते केलंय का, तिथूनच सुरुवात कर.

माहिती अधिकारात अर्ज करशील तेव्हा नुसतं इतिवृत्त मागू नकोस. त्यात बहुतेकदा ‘सविस्तर चर्चेअंती ठराव संमत’ एवढंच सापडतं. काय चर्चा झाली, विरोध कुणी केला, काही कळत नाही. म्हणून बैठकीची तारीख घालून विषयपत्रिका, प्रत्येक विषयाची टिपणी, हजेरी आणि मागच्या ठरावांचा कार्यपूर्ती अहवालही माग. माहिती कशासाठी हवी हे सांगायची गरज नाही. जमलं तर प्रत्यक्ष अभिलेख पाहण्याची मागणी कर. नस्ती, म्हणजे त्या विषयाची फाइल, हातात आली की प्रस्ताव कुठून निघाला ते दिसतं.

हाती आल्यावर शेवटचं पान आधी वाच. ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ तिथे असतात. विषयपत्रिकेत नसलेल्या विषयाची तयारी सदस्यांनी तरी कधी करायची? कॅलिफोर्नियात १९६७च्या बॅग्ली-कीन कायद्यानं सरकारी मंडळांना विषयपत्रिका १० दिवस आधी जाहीर करावी लागते, आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचा कारभार पाहणारं रीजंट्स मंडळही त्याच कायद्याखाली येतं. मला ही आगाऊ सूचनाच सगळ्यात मोलाची वाटते. निर्णय झाल्यावर कळून विद्यार्थ्यांच्या हातात फारसं काही उरत नाही. शिवाय खरं ठरतं ते उपसमितीत, परिषद शिक्कामोर्तब करते. तेव्हा उपसमितीचे कागदही सोडू नकोस.

एखाद्या विद्यार्थ्यावरची शिस्तभंगाची कारवाई, प्राश्निकांची, म्हणजे प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांची, नावं हे मात्र मागू नकोस. ते झाकलेलंच बरं, आणि त्यापायी बाकीचा अर्जही रेंगाळेल.

अर्जाची पोच जपून ठेव. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर पहिलं अपील विद्यापीठातल्याच वरिष्ठ अधिकाऱ्याकडे करायचं असतं. मसुदा आधी मला पाठव.

तुझा,
सर