कॉमिक्समधले हिरो मेले तरी परत का येतात?

सरळ आहे, ज्याच्या नावावर अंक खपतात त्याला कायमचं मारणं कंपनीला परवडतच नाही. सुपरमॅनला १९९२ मध्ये मारला, अंक धडाधड विकले गेले आणि पुढच्याच वर्षी साहेब हजर! युक्ती जुनीच आहे, शेरलॉक होम्सला १८९३ मध्ये संपवून त्याचा लेखक डॉइल मोकळा झाला होता पण १९०३ मध्ये त्याला परत आणावंच लागलं. सगळ्यात भारी किस्सा जेसन टॉडचा, म्हणजे बॅटमॅनचा साथीदार रॉबिन झालेला दुसरा पोरगा, १९८८ मध्ये वाचकांनीच फोनवर मतं देऊन ठरवायचं होतं की हा जगेल का मरेल, आणि ५,२७१ विरुद्ध ५,३४३ मतांनी लोकांनी चक्क मारला की त्याला. नंतर तोही परतलाच म्हणा, पण निदान मारणारे आपणच होतो, लेखकाला शिव्या घालायची सोय नाही.