जयंतीची सुट्टी, अठरा तास आणि काकाचा जनरेटर

तुम्ही विचारलंय, "पुण्यात नवीन आहे, ऑफिसातल्या मित्राने १४ एप्रिलला घरी बोलावलंय. आंबेडकर जयंतीची सुट्टी कशी घालवतात, डीजे सोडून? आणि जाताना काय न्यावं?"

"डीजे सोडून" एवढं वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसलो.

आमच्या घरी त्या दिवशी सुट्टी नसायचीच. अण्णा एसटीत कंडक्टर. वर्षभर रजा साठवून ते १४ तारखेला टाकायचे, आणि पहाटे पाचला आम्हा भावंडांची पांघरुणं ओढायचे. सहाला विहारात वंदना, की लगेच अठरा तासांचा अभ्यास. सकाळी सहा ते रात्री बारा. ज्या माणसाला शाळेत वर्गाबाहेर गोणपाटावर बसवलं, त्याने पुढे पुस्तकांसाठी दादरला राजगृह बांधलं. त्याची जयंती वाचूनच साजरी करायची, असं अण्णांचं ठाम मत. दुपारी खीर मिळायची, तीही वहीशेजारी वाटी ठेवून.

धाकटा काका नेमका उलट. मिरवणुकीचा डीजे त्याच्याकडे. "दादा, वर्षभर आपली माणसं मान खाली घालून राबतात. एक दिवस नाचू दे की!" दोघांचं हे भांडण दरवर्षी पाडव्याला सुरू व्हायचं आणि बुद्धपौर्णिमेपर्यंत चालायचं.

२००७ साली मी नववीत होतो, परीक्षा तोंडावर. संध्याकाळी साडेसहाला भारनियमनात लाईट गेली ती नऊपर्यंत. विहारात आम्ही बावीस पोरं आणि चार मेणबत्त्या. बाहेर काकाचा टेम्पो उभा, त्यावर धडधडता जनरेटर. अण्णा पाच मिनिटं दारात उभे राहिले. मग गेले आणि भावाला म्हणाले, "वायर दे."

काका म्हणाला, "देतो. गाणं मात्र बंद होणार नाही."

खिडकीतून वायर आत आली, साठचा बल्ब लागला. बाहेर ढोल वाजला की बल्ब मंद व्हायचा, ठेका संपला की लख्ख. पहिली दहा मिनिटं डोळे दुखले. मग मागच्या रांगेतल्या एका पोराने पायथागोरस त्याच ठेक्यात म्हणायला घेतला, "कर्णाचा वर्ग, कर्णाचा वर्ग, दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज!" बावीस जणांनी उचलून धरलं. खीर वाटणाऱ्या आज्या दारात येऊन ताल धरायला लागल्या. अण्णा ओरडतील म्हणून मी पाहिलं, तर त्यांचा पाय हलत होता. नंतर ते हे कधीच कबूल करत नाहीत, पण मी पाहिलंय.

भूमितीत मला पैकीच्या पैकी पडले. तेव्हापासून काका प्रत्येक लग्नात सांगतो, "हा इंजिनीअर माझ्या जनरेटरवर झाला."

तर डीजेला नाकं मुरडणाऱ्यांनी आधी आमच्या गावचा तो बल्ब बघायला हवा होता. नाचणारे आणि वाचणारे एकाच घरातले असतात. हां, छातीत धडधडेल इतका आवाज मलाही नको, म्हाताऱ्यांना त्रास होतो. काकालाही आता पटलंय. आणि प्रत्येक घरी अठरा तास बसतात असंही नाही, तुमचा मित्र कदाचित दुपारी निवांत झोपेल.

तुम्ही १३ च्या रात्रीच जा. बाराला पुणे स्टेशनजवळच्या पुतळ्यापाशी उभे राहा. पहिली सार्वजनिक जयंती १९२८ साली पुण्यातच झाली, जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी ती सुरू केली. पांढरा शर्ट घाला. हार-मिठाई नको, मुलांसाठी वह्या-पेनं न्या, नाहीतर पुस्तक. घरात शिरताना जय भीम म्हणा आणि खिरीला नाही म्हणू नका.

आणि काका, तुम्ही हे वाचणार, मला माहीत आहे. लाईट साडेसहा ते नऊ गेली होती. अठरातले अडीच तास तुमचे. साडेपंधरा अण्णांचे.